दंड भरला की सुटलो?

लग्नाच्या जेवणावळीहून परतताना पोलिसांनी अडवलं, तर ‘दंड भरून मोकळं होऊ’ असं आपल्यातले पुष्कळजण धरून चालतात. पण १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळलं, की कलम १८५ लागतं आणि प्रकरण कोर्टात जातं. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

गुन्हा कबूल करून दंड भरला, म्हणजे दोषी ठरल्याची नोंद झाली. आपली मुलं आखातात, बोटीवर जातात. तिथं पोलिसांचा दाखला मागतात. खटला चालू असेल तर पासपोर्टही अडू शकतो. सरकारी नोकरीच्या अर्जात हे लपवलं, तर मिळालेली नोकरी जाऊ शकते. कोर्टात ‘कबूल’ म्हणण्याआधी वकिलाला विचारावं, असं आम्हांला वाटतं.