भिंत, छत आणि मधली पट्टी

नगरला (म्हणजे आताच्या अहिल्यानगरला) आमच्या घरी एका रात्री धाडकन आवाज झाला. धावत जाऊन पाहतो तो धाकट्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर पीओपीच्या पट्टीचे तुकडे पडलेले! मुलगी दहाच मिनिटांपूर्वी तिथून उठली होती. पट्टी माझ्याच देखरेखीखाली बसवलेली, आणि मी पदार्थविज्ञान शिकवणारा. दोष कोणाला देणार?

भिंत व छत जिथे मिळतात तिथल्या या नक्षीदार पट्टीला कॉर्निस म्हणतात; जुना मराठी शब्द कंगणी. ती शोभेसाठी असते हे खरे, पण तिथली भेग झाकणे हेही तिचे काम. ही भेग पडते का? एक मीटर काँक्रीट एक अंश सेल्सिअसने तापले की सुमारे ०.०१ मिलिमीटर वाढते. पाच मीटरचा स्लॅब नगरच्या उन्हाळ्यात वीस अंशांनी तापला तर किती वाढेल? एक मिलिमीटर. खालची विटांची भिंत सावलीत असते, शिवाय वीट काँक्रीटच्या निम्मीच प्रसरण पावते. रोजच्या या ओढाताणीत सांधा उकलतो.

आता आमच्या पट्टीचे वजन काढा. लांबी ३०० सेंटिमीटर, काटछेद ३० चौरस सेंटिमीटर, घनता घनसेंटिमीटरला सुमारे एक ग्रॅम. नऊ किलो! तुकड्यांच्या पाठीला मला जुन्या रंगाचे पापुद्रे चिकटलेले दिसले. पट्टीने रंगाला घट्ट धरले होते, रंगाने मात्र भिंतीला धरले नव्हते. म्हणून दुसऱ्या खेपेस गिलावा उघडा पडेपर्यंत रंग खरवडला, छिन्नीने खाचा पाडल्या, पट्टीला स्क्रू दिले आणि भिंत ओली करून घेतली. कोरडी भिंत पीओपीतले पाणी शोषून घेते, मग ते नीट जमत नाही.

हे जमणे मोठे मजेचे आहे. जिप्सम सुमारे १५० अंशांपर्यंत तापवले की त्यातले पाऊण स्फटिकजल निघून जाते व पीओपीची भुकटी उरते. तिला पाणी दिले की पुन्हा जिप्सम! १४५ ग्रॅम भुकटीला यासाठी २७ ग्रॅम पाणी पुरते. पण ओतण्याजोगे मिश्रण व्हायला त्याच्या कितीतरी पट लागते. जादा पाणी पुढे उडून जाते आणि छिद्रे उरतात. म्हणूनच पातळ कालवलेली पट्टी ठिसूळ होते. प्लॅस्टिकच्या पेल्यात थोडे पीओपी कालवा आणि पेल्याला बाहेरून हात लावून पाहा, तो गरम लागेल. बोट आत मात्र कधीही घालू नका. २००७ साली इंग्लंडमध्ये एका शाळकरी मुलीने साचा घेण्यासाठी दोन्ही हात पीओपीत बुडवले आणि त्या उष्णतेने तिची बोटे गेली.

जिप्सम पाण्यात किंचित विरघळते. गळक्या छताखाली, किंवा अकोले तालुक्यात घाटघरसारख्या धो-धो पावसाच्या गावी, ओल येणाऱ्या भिंतीवर ही पट्टी लावण्यात अर्थ नाही.

कोपऱ्याचे गणितही पाहू. दोन पट्ट्या जुळायच्या तर प्रत्येक पट्टी कोपऱ्याच्या निम्म्या कोनात कापावी लागते. कोपरा ९० अंशांचा, तर ४५. पण तो आधी मोजा. आमचा ९२ भरला! नगरजवळच्या, १५८३ साली पुऱ्या झालेल्या फराहबागेचा महाल अष्टकोनी आहे. समकोनी अष्टकोनाचा प्रत्येक कोन १३५ अंशांचा, तेव्हा तिथे काप किती अंशांचा येईल? साडेसदुसष्ट. आणखी एक गोम आहे. पट्टी तिरपी बसते, म्हणून कापताना सुतार ती खोबणीच्या लाकडी पेटीत उलटी धरतो. पेटीचा तळ म्हणजे छत आणि उभी बाजू म्हणजे भिंत असे समजायचे. हे विसरून आम्ही दोन तुकडे फुकट घालवले. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या बसवून पाहा, म्हणजे नेमकी चूक कुठे होते ते कळेल.

नवी पट्टी आम्ही फक्त भिंतीला पक्की केली. छताकडची फट लवचीक सीलंटने भरली, म्हणजे स्लॅब खुशाल हलू दे. टेबलावरच्या भागात मात्र थर्मोकोलची पट्टी लावली. त्याच मापाची ती जेमतेम पाव किलो भरते. आगीला ती वाईट, म्हणून स्वयंपाकघरात लावली नाही.