सालामांकाचा चौक: तोंड सगळ्यांचं, घर ज्याचं त्याचं

ईशान : आत्या, सालामांकाच्या प्लाझा मायोरला स्पेनमधला सगळ्यात देखणा चौक म्हणतात. पण चारही बाजूंना त्याच कमानी, तेच सज्जे, तोच सोनेरी दगड! मला त्यात राजाची शिस्तच दिसते. त्याला लोकांचा चौक का म्हणायचं?

आत्या : शिस्त आहेच. स्पेनच्या गादीच्या वारसाहक्काच्या युद्धात हे शहर राजा पाचव्या फिलिपच्या बाजूनं उभं राहिलं होतं, आणि १७२९ मध्ये काम सुरू झालं ते पूर्वेच्या बाजूनं, जिला आजही राजाच्याच नावानं ओळखतात. त्याआधी तिथे सान मार्तीनचा ऐसपैस, वेडावाकडा बाजार भरायचा. पण वास्तुकार अल्बेर्तो दे चुरिगेराच्या आराखड्याचं मर्म मला दुसरीकडेच दिसतं. मागचं घर ज्याचं त्याचं, चौकाकडचं तोंड मात्र चौकाचं. खाली ८८ कमानींची सलग ओवरी, वर तीन मजले, खिडक्यांना लोखंडी कठड्याचे सज्जे. कोणाचं घर मोठं, कोणाचं लहान, हे बाहेरून कळतच नाही. चौकाच्या चारही बाजूंची लांबी वेगवेगळी आहे, पण सारखेपणामुळे तेही पटकन लक्षात येत नाही. शिवाय दुकानापुढची ओवरी जाण्या-येण्यासाठी कायमची मोकळी. श्रीमंताला आपली श्रीमंती रस्त्यावर मांडू न देणारी शिस्त आणि गरिबाला गप्प बसवणारी शिस्त, या दोन्ही एकाच मापानं मोजायला मी तयार नाही.

ईशान : पण घरमालकांनी हे निमूटपणे मान्य केलं?

आत्या : कुठलं! पूर्वेची आणि दक्षिणेची बाजू १७३५ च्या सुमारास उभी राहिली आणि उरलेल्या बाजूंच्या मालकांशी तंटे लागले. पंधरा वर्षं काम ठप्प. १७५० मध्ये ते पुन्हा सुरू झालं आणि १७५५ मध्ये पुरं झालं. उत्तरेची नगरपालिकेची इमारत आन्द्रेस गार्सिया दे किन्योनेसनं बांधली. म्हणजे आज सहज वाटणारा हा एकसारखेपणा भांडून मिळवलेला आहे. शहरानं खाजगी मालमत्तेकडून सार्वजनिक जागेसाठी काहीतरी वसूल केलं, आणि त्याचा लाभ चौकातून चालणाऱ्या प्रत्येकाला मिळाला. राजाचा हेतू काय होता, यापेक्षा मला हा परिणाम मोलाचा वाटतो.

ईशान : मग कमानींच्या मधल्या त्या दगडात कोरलेल्या मुखमुद्रा? पूर्वेला राजे, दक्षिणेला एल सिद, कोर्तेस, पिसारो. भिंतीवर मिरवतात ते सत्ताधीश आणि लढवय्येच.

आत्या : हा आक्षेप खरा आहे. अमेरिका खंडातली राज्यं बुडवणाऱ्यांना तिथे मानानं कोरलंय, आणि ते कसं खटकत नाही म्हणू? पण त्या भिंतीवरचा शेवटचा शब्द कोणाचाच नसतो. हुकूमशहा फ्रँकोची मुद्रा तिथे कित्येक दशकं होती. लोक तिच्यावर रंग फेकत राहिले आणि २०१७ मध्ये ती काढावी लागली. आज सेर्व्हांतेस आणि उनामुनो या लेखकांच्याही मुद्रा तिथे आहेत. नगरपालिकेच्या ज्या सज्ज्यातून सत्तेनं खाली बघावं अशी योजना होती, त्याच सज्ज्यातून १४ एप्रिल १९३१ रोजी उनामुनोंनी प्रजासत्ताकाची घोषणा केली. बांधणाऱ्याचा हेतू दगडात उतरतो, पण त्या दगडासमोर कोण उभं राहील आणि काय बोलेल, हे तो ठरवू शकत नाही.

ईशान : तरी लोकजीवनही काही फार मोकळं नव्हतं. संध्याकाळच्या फेरफटक्यात पुरुष एका दिशेनं, बायका उलट्या दिशेनं.

आत्या : हो, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती रीत होती, आणि तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. नजरेला नजर भिडावी पण सोबत चालता येऊ नये, अशी ती व्यवस्था. मात्र ते बंधन समाजाच्या चालीरीतीत होतं, ओवरीत नव्हतं. चाल बदलली, तेव्हा एकही खांब हलवावा लागला नाही. चौकाच्या मध्याचंही तसंच. एकोणिसाव्या शतकापर्यंत तिथे बैलांशी झुंजी व्हायच्या आणि सज्जे प्रेक्षकांनी भरायचे. पुढे बाग आली, ती १९५४ मध्ये काढून फरसबंदी केली. कडा एकदा सगळ्यांची झाली की मध्य कशासाठीही वापरता येतो, आणि माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर उभं आहे.

ईशान : आणि आता तो मध्य पर्यटकांसाठी! जिकडे बघावं तिकडे कॅफेच्या खुर्च्या.

आत्या : ती भीती मलाही वाटते. खुर्च्या वाढत गेल्या की बसण्याचे पैसे पडतात, आणि चौकात नुसतं रेंगाळणं अवघड होत जातं. पण १९०५ पासूनचं कॅफे नोव्हेल्टी तिथेच आहे, आणि तिथे शहरातल्या लेखक-प्राध्यापकांच्या मैफली रंगत आल्या आहेत. कॅफे म्हणजे परक्यांचंच ठिकाण असं नाही. विद्यापीठाची पोरं आजही नगरपालिकेच्या घड्याळाखाली भेटायचं ठरवतात, ओवरीच्या पायरीवर बसतात, आणि त्यांना कोणी बिल आणून देत नाही. ओवरीतून जाण्यासाठी काही विकत घ्यावं लागायला लागलं, तर मी तुझ्या बाजूनं बोलेन.