‘सॉल्ट’ म्हणजे केवळ मीठ नव्हे

‘सॉल्ट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला तर शाळेतले पोरही ‘मीठ’ असे सांगेल. स्वयंपाकघरापुरते ते बरोबर आहे. परंतु खताची गोणी, तणनाशकाची बाटली किंवा माती परीक्षणाचा अहवाल हाती आला की हा अर्थ बाजूला ठेवावा. रसायनशास्त्रात आम्ल व अल्कली यांच्या संयोगाने तयार होणाऱ्या पदार्थाला ‘सॉल्ट’, म्हणजेच क्षार म्हणतात. खाण्याचे मीठ हा त्यांपैकी फक्त एक. अमोनियम सल्फेट, म्युरेट ऑफ पोटॅश, जिप्सम हे सर्व क्षारच होत. युरिया मात्र क्षार नाही.

२,४-डी या तणनाशकाच्या वेष्टनावर ‘सोडियम सॉल्ट ८० टक्के’ किंवा ‘अमाईन सॉल्ट ५८ टक्के’ असे छापलेले असते. पाण्यात नीट मिसळावे म्हणून मूळ आम्लाचा क्षार बनविला आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात मीठ घालण्याचा काही संबंध नाही. पंपात मूठभर मीठ टाकणाऱ्यांनी ते स्वयंपाकघरातच ठेवलेले बरे! दोन्ही प्रकारांची टक्केवारी वेगळी असल्याने एकाची मात्रा दुसऱ्यास वापरू नये.

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. जमिनीत विरघळलेले क्षार वाढले की मुळांना पाणी ओढून घेणे असेच अवघड होते. जमीन ओली असूनही पीक सुकल्यासारखे दिसते. पेरणीत खत बियाण्याला लागून पडल्यास उगवण कमी होते, त्याचेही हे एक कारण आहे.

खरी गल्लत होते ती जमीन सुधारताना. अहवालातील विद्युत वाहकता एकूण विद्राव्य क्षार किती ते सांगते, कोणते ते सांगत नाही. क्षारयुक्त जमिनीत संपृक्त अर्काची वाहकता ४ डेसिसायमनपेक्षा जास्त, सामू साधारणपणे ८.५ पेक्षा कमी आणि वर पांढरा थर असतो. तेथे चर काढून व चांगले पाणी देऊन क्षार धुऊन काढावे लागतात. चोपण जमिनीत मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम १५ टक्क्यांहून अधिक, सामू ८.५ पेक्षा जास्त असतो, पाणी मुरत नाही व वाळल्यावर ढेकळे दगडासारखी होतात. जिप्सम उपयोगी पडते ते येथे. त्यातील कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतो.

सांगली-कोल्हापूरकडील नदीकाठच्या उसाच्या जमिनींत हे दोन्ही प्रकार आढळतात. म्हणून पांढरा थर दिसला की लगेच जिप्समच्या गोण्या आणू नयेत. सामू, वाहकता व विनिमयक्षम सोडियम ही तिन्ही तपासून घ्यावीत आणि जिप्समची मात्रा अहवालावरूनच ठरवावी. शिवाय जिप्सम दिल्यावर सुटणारे सोडियम सल्फेट हाही पुन्हा ‘सॉल्ट’च. निचऱ्यावाटे ते शेताबाहेर गेले नाही, तर जिप्समचा सारा खर्च मातीत जातो.