नव्या मत्स्यटाकीतील मृत्यू आणि छळ : कारणांचा शोध

रविवारी मुलांना भेटण्यासाठी मार्गासनीस येणारे पालक पूर्वी अभ्यास, जेवण आणि खोकला यांविषयी विचारीत. अलीकडे त्यांत एका प्रश्नाची भर पडली आहे. घरी फिश टँक आणला, मासे आठवड्याभरात मेले, उरलेले एकमेकांच्या अंगावर जातात, काय करावे? माझा विषय इतिहास, जीवशास्त्र नव्हे. तरीही वर्गात पुष्कळ वर्षे एक टाकी सांभाळली असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतो, आणि इतिहासाची शोधपद्धती येथे चांगलीच उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे. माजी विद्यार्थी आता पुण्याच्या आसपास घरे करून राहिले आहेत. त्यांच्या मुलांसाठी हा लेख विशेषेकरून लिहीत आहे, कारण मासा मेला की पहिला ठपका बहुधा घरातील लहान मुलावर येतो : ‘तूच जास्त खाऊ घातलेस.’

एका माजी विद्यार्थ्याच्या घरचे उदाहरण घेऊ. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. हिशेबाने सुमारे 57 लिटर. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी 45 लिटरच्या आसपास. शनिवारी टाकी आणली, नळाचे पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी चौदा मासे सोडले : चार गोल्डफिश, सहा टायगर बार्ब, दोन एंजल, दोन गुरामी. मंगळवारी गोल्डफिश पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. बुधवारी एक मेला, गुरुवारी दोन. शुक्रवारी एका एंजलचे लांब पर कुरतडलेले आढळले आणि रविवारी तो मेलेला दिसला; बार्ब त्याला टोचीत होते. घरच्यांचा निष्कर्ष : दुकानदाराने आजारी मासे दिले आणि बार्ब हे खुनी आहेत.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. प्रेताजवळ जो उभा दिसला तोच मारेकरी, हा तर्क पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही. मेलेल्या किंवा मरणासन्न माशाला इतर मासे टोचतातच. म्हणून प्रथम एक वही करावी. कोणत्या दिवशी काय घातले, पाणी केव्हा बदलले, कोण मेला, मरण्यापूर्वी कसा वागत होता, हे त्याच दिवशी लिहावे. आठवड्यानंतर आठवून लिहिलेल्या मजकुराला समकालीन नोंदीची किंमत नसते. वरील घरातील मुलीने अशी वही ठेवली होती, म्हणूनच वारांचा क्रम येथे देता आला. त्या क्रमाने एक गोष्ट उघड केली. मृत्यू आधी सुरू झाले, कुरतडणे नंतर दिसले.

मग मृत्यू कशाने? मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, विरळ होतो, सूक्ष्म जीव त्याचे रूपांतर करतात. नव्या टाकीत यांपैकी काहीच नसते. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आणि त्यातच विष साठत असते. शेतकरी पालकांना ‘सामू’ हा शब्द परिचित आहे; पाण्याचा सामू 7 असेल तर अमोनियाचा फार थोडा अंश विषारी रूपात असतो, सामू 8 झाला की तो अंश जवळजवळ दहापट होतो. त्यामुळे तेवढेच मासे, तेवढेच अन्न, तरी एका गावी जगतात आणि दुसऱ्या गावी मरतात.

या प्रश्नाचे उत्तर प्रथम फ्रान्समध्ये, तेही सांडपाण्याच्या संदर्भात सापडले. 1877 साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन संशोधकांनी वाळू व चुनखडी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसा आत जाई तसाच बाहेर येई. त्यानंतर मात्र अमोनिया नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. ही केवळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, क्रिया थांबली. पुढे थोड्या मातीचे धुवण घातले; क्रिया पुन्हा सुरू झाली. काम करणारे जिवंत होते. पुढे 1890 च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे करून दाखविले. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्राइटदेखील घातकच. ते माशाच्या रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते, आणि भरपूर बुडबुडे चालू असतानाही मासा वर येऊन धापा टाकतो. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असते.

ते वीस दिवस ध्यानात ठेवावेत, कारण आपल्या दिवाणखान्यातही तेच घडते. हे जिवाणू टाकीत स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात अमोनिया चढतो, दुसऱ्या-तिसऱ्यात नायट्राइट. मासे नेमके याच काळात मरतात, आणि घरातील माणसे नेमकी याच काळात मेलेल्यांच्या जागी नवे मासे आणून घालतात.

उपाय खर्चाचा नाही, धीराचा आहे. टाकीत पाणी भरून स्पंजाचा फिल्टर चालू करावा आणि महिनाभर मासे न सोडता रोज चिमूटभर अन्न टाकावे. कुजणाऱ्या अन्नावर जिवाणूंची वाढ होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरातील स्पंजाचा तुकडा ओला असतानाच आणून आपल्या फिल्टरात ठेवावा. दुधाला विरजण लावावे तसेच हे काम आहे. विरजण चांगले असेल तर कालावधी बराच कमी होतो. नंतरही एकदम चौदा मासे नकोत. दोन-तीन चिवट मासे आधी, पंधरवड्याने आणखी दोन. गोल्डफिश या आकाराच्या टाकीत घेऊच नयेत. ते थंड पाण्याचे, मोठे होणारे आणि पुष्कळ घाण करणारे मासे आहेत.

मासे आधीच सोडले असतील तर? रोज किंवा दिवसाआड पाव हिस्सा पाणी बदलावे. अन्न अर्ध्यावर आणावे. दोन मिनिटांत संपेल एवढेच, तेही दिवसातून एकदा. उपाशी राहून मासा लवकर मरत नाही, साचलेल्या अन्नाने मात्र मरतो. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे संच मत्स्यदुकानांत मिळतात. पाच-सहा नवे मासे विकत घेण्यापेक्षा तो एक संच घेणे शहाणपणाचे.

येथे सर्वांत मोठी हानी स्वच्छतेच्या हौसेने होते. रविवारी सगळे पाणी उपसायचे, दगड घासायचे, स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत धुवायचा, आणि सोमवारपासून पुन्हा पहिला दिवस. त्या तपकिरी मळातच आपले कामकरी राहतात. स्पंज दाबायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात, बादलीत, हलक्या हाताने.

पाण्याचा उगमही पाहावा. आमच्या भागात नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकतात. पावसाळ्यात गुंजवणी गढूळ झाली की तिचा वास अधिक जाणवतो. माणसाच्या आरोग्यासाठी ते आवश्यकच आहे. पण क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि जिवाणूंनाही मारतो. पाणी उघड्या पिंपात एक दिवस ठेवावे, अधूनमधून ढवळावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालविणारे थेंब वापरावेत. बोअरचे पाणी क्लोरीनमुक्त असले तरी सहसा जड असते आणि त्यात प्राणवायू कमी असतो. तेही हवेत खेळवूनच घालावे.

आता छळाचा प्रश्न. पालक येथे हमखास म्हणतात, ‘निसर्गाचा नियमच आहे, सर, मोठा मासा लहान माशाला खातो.’ हे वाक्य फार जुने आहे. अर्थशास्त्रात त्याला ‘मात्स्यन्याय’ म्हटले आहे : दंड नसेल तर बलवान दुर्बलाला गिळतो. बौद्ध धर्माला आश्रय देणाऱ्या पाल घराण्याच्या खालिमपूर ताम्रपटात तर असे म्हटले आहे की, मात्स्यन्याय संपविण्यासाठी लोकांनी गोपालाला राजा केले. राज्यशास्त्रात ही उपमा शोभते, माशांच्या अभ्यासात मात्र ती दिशाभूल करते. नदीत पाठलाग झालेला मासा पाच हात दूर जातो आणि प्रकरण संपते. टाकीत दूर जायला जागाच नसते. पाठलाग करणाऱ्याचा स्वभाव तोच असतो. पळण्याची वाट आपण काच लावून बंद केलेली असते. म्हणून ‘दोषी मासा कोणता’ यापेक्षा ‘मांडणीत काय चुकले’ हे आधी विचारावे.

वरील घरातील सहा टायगर बार्ब घ्या. हा झुंडीचा मासा आहे. सहा-आठ किंवा त्याहून अधिक असले की त्यांची बहुतेक धावाधाव आपापसांत चालते. दोन-तीनच असले तर ते इतरांकडे वळतात. त्या घरी ते सहा होते, तरी एंजलचे पर कुरतडले गेले, कारण संथ पोहणारा, लोंबत्या परांचा मासा त्यांच्यासोबत ठेवूच नये. शिवाय अमोनियाने निस्तेज झालेला एंजल पळूही शकत नव्हता. पाण्याच्या विषाने दुबळा झालेला मासा छळाला आधी बळी पडतो. मृत्यू आणि छळ हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, ते असे एकमेकांत अडकलेले असतात.

‘मासा’ या एका शब्दात फार निरनिराळे स्वभाव दडलेले आहेत. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात माशांचे अनेक प्रकार आणि त्यांचे खाद्य वेगवेगळे नोंदविले आहे. त्याचा हेतू गळ टाकण्याचा होता, पण निरीक्षण दाद देण्याजोगे आहे. (मी ‘प्रकार’ म्हणतो, ‘जात’ हा शब्द माशांवरही लादण्याची मला इच्छा नाही.) आरोग्य खाते डासांच्या अळ्यांसाठी देते त्या गप्पी माशांत नर मादीच्या मागे अखंड लागतो; म्हणून एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात. दोन नर गुरामी लहान टाकीत एकमेकांना सहन करीत नाहीत. फायटरचे दोन नर एकत्र ठेवणे ही तर क्रूरताच. एंजलची जोडी अंडी घालण्याच्या वेळी टाकीचा अर्धा भाग बळकावते. तेथे दोष काढण्यासारखे काही नाही, ती पिलांची राखण आहे.

छळ होणारा मासा ओळखता येतो. तो फिल्टरच्या मागे किंवा पृष्ठभागाच्या कोपऱ्यात थिजून राहतो, रंग फिका पडतो, पर मिटलेले असतात, अन्नाला पुढे येत नाही. अंगावर मिठासारखे पांढरे कण दिसले तर मात्र तो निराळा रोग आहे, त्याला औषध लागते. छळावर उपाय पुढीलप्रमाणे करावा. दगड, मडक्याचे तुकडे आणि दाट वनस्पती अशा लावाव्यात की टाकीच्या एका टोकाकडून दुसरे टोक दिसू नये. नजरेआड झाले की पाठलाग बहुधा थांबतो. अन्न एकाच जागी न टाकता दोन-तीन ठिकाणी टाकावे. नवा मासा सोडण्याआधी दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि सर्वच नवखे होतात. मग दिवा मालवून त्याला सोडावे. एवढे करूनही एखादा ऐकत नसेल तर छळ सोसणाऱ्याला नव्हे, छळ करणाऱ्याला छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात त्याच टाकीत चार-सहा दिवस वेगळे ठेवावे. परतल्यावर त्याची हद्द दुसऱ्यांनी घेतलेली असते आणि तो पुष्कळदा नरमतो. त्याला ‘धडा शिकवण्यासाठी’ मोठा मासा आणू नये. असे सल्ले दिले जातात, म्हणून लिहिले.

वेल्ह्याच्या बाजूस दोन गोष्टी जास्तीच्या सांभाळाव्या लागतात. हिवाळ्यात रात्री चांगलाच गारठा पडतो. गप्पी निभावतात, पण एंजल, गुरामी यांना 24 ते 28 अंशांचे पाणी लागते, तेव्हा हीटर हवा. आणि पावसाळ्यात वीज जाते. फिल्टर बंद पडला की प्राणवायू तुटतो, माशांचाही आणि जिवाणूंचाही. अशा वेळी अन्न पूर्ण बंद ठेवावे आणि तांब्याने टाकीतलेच पाणी वर काढून उंचावरून पुन्हा सोडावे. बॅटरीवर चालणारा लहान हवेचा पंपही मिळतो.

त्या घरी शेवटी तीन गोल्डफिश गेले, चौथा ओळखीच्या एकाच्या मोठ्या हौदात गेला. उरलेला एंजल आणि दोन्ही गुरामी दुकानदाराने परत घेतले. सहा बार्ब राहिले, आणि महिन्याभराने पाण्यात अमोनिया आढळेनासा झाला. नको झालेले मासे नदीत सोडण्याचा विचार त्यांनी केला होता. तो कोणीही करू नये. उजनीच्या जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यांत येऊ लागलेला सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील, आणि काचा स्वच्छ ठेवतो म्हणून टाक्यांसाठी विकला जाणारा आहे. गुंजवणी नीरेला मिळते, नीरा भीमेला; येथे सोडलेला मासा येथेच राहात नाही. दुकानदार घेत नसेल तर आमच्या वर्गातील टाकीत दोन-चार लहान माशांना अजून जागा आहे. आणताना पिशवीत पाणी एक तृतीयांश आणि हवा दोन तृतीयांश ठेवावी, आणि आदल्या दिवशी त्यांना खायला घालू नये.