मीटर सुरू होण्याआधी

विजयदुर्ग

चि. बाबू यास,


आंब्याच्या पानांच्या नि मोहोराच्या फोटोंवरून करपा, भुरी ओळखणारं मॉडेल तयार करायचं, त्यासाठी कर्ज काढून दोन लाखांचं ग्राफिक्स कार्डवालं मशीन घ्यायचं आणि ते इथल्या घरी ठेवायचं, हा तुझा बेत कळला. कामाबद्दल माझं दुमत नाही, मशीनबद्दल आहे. ही ताकद विकत घ्यावी की क्लाउडवर ताशी भाड्यानं, याचा निकाल नुसत्या किमतीवर लागत नाही. कार्ड किती तास खरोखर राबणार यावर लागतो. हिशेबच मांडू. केंद्राच्या इंडिया-एआय मिशनला मार्च 2024 मध्ये मंजुरी मिळाली. त्याखाली स्टार्टअप, संशोधक आणि विद्यार्थ्यांना, अर्ज मंजूर झाला की, डेटा सेंटरमधले जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डंच, सवलतीनं वापरायला मिळतात. सरासरी दर ताशी 65 रुपयांच्या आसपास सांगितला जातो. त्या दरानं दोन लाखांत सुमारे 3,077 तास होतात. आठवड्याला वीस तास वापरलेस तर ते जवळजवळ तीन वर्षं पुरतील, रात्रंदिवस वापरलेस तर सव्वाचार महिन्यांत संपतील. म्हणजे ज्याचं कार्ड अखंड चालतं त्यानं खुशाल विकत घ्यावं. तुझं तसं चालणार नाही. फोटो जमवणं, कुठल्या फोटोत कुठला रोग हे जाणत्याकडून लिहून घेणं, मॉडेल कुठे फसलं ते तपासणं यांत आठवडे जातात, आणि तेवढे दिवस कार्ड नुसतं बसून राहतं.

मात्र भाडं स्वस्त पडतं ते तयारीनं येणाऱ्याला. आपल्या किल्ल्यावरचंच उदाहरण घे. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला आले. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यासाठी त्यांनी उपकरणं आणून मांडली, ‘मेल्पोमीनी’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना हाताशी घेतलं आणि कोणी कधी काय करायचं याची तालीम आधीच करून घेतली. ऐन वेळी शिकायला तिथे फुरसत नव्हती. भाड्याच्या जीपीयूचंही तेच आहे. प्रोग्रॅममधल्या चुका मीटर चालू असताना शोधशील तर पैसे कार्डाचे जातील आणि काम मात्र तुझं डोकं करत असेल. म्हणून आधी शंभर फोटोंवर घरच्या लॅपटॉपवर सगळं चालवून बघ. मग कॅगल या संकेतस्थळावर आठवड्याला तीसेक तास जीपीयू फुकट मिळतो, तो वापर. भाड्याचं मशीन त्यानंतर.

आता तुझे आक्षेप. पहिला, इथल्या नेटवरून एवढे फोटो चढणार कसे? चार एमबीचा एक, असे दहा हजार फोटो म्हणजे 40 जीबी. दहा एमबीपीएसच्या अपलोडनं नऊ तास लागतील. पण मॉडेलला एवढा मोठा फोटो लागतच नाही. पान कापून घेऊन 224 पिक्सेलच्या चौकोनात बसवलंस तर एक फोटो वीसेक केबीचा होतो, सगळे मिळून 200 एमबी, आणि काम तीन मिनिटांत आटोपतं. करप्याचे बारीक ठिपके त्यात पुसले जात असतील तर 512 ठेव. ही काटछाट घरी केलीस की दुसराही फायदा होतो. मोठे फोटो उलगडण्यात प्रोसेसर गुंतला की महागडा जीपीयू वाट बघत राहतो. एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड दिलीस तर जीपीयूचा वापर पंधरा-वीस टक्क्यांवर घुटमळताना दिसेल. तो आकडा नव्वदीच्या घरात नसेल तर मोठं कार्ड घेण्याचा विचारही करू नकोस.

दुसरा आक्षेप, भाडं गेलं ते गेलं, मशीन तरी आपलं राहतं. राहतं, पण कुठल्या अवस्थेत? खाडीच्या तोंडाशी खारी हवा धातूला सोडत नाही, पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि आरटीएक्स 4090 सारखं एक कार्ड एकटंच 450 वॉटपर्यंत वीज ओढतं. शिवाय नवी पिढी आली की जुन्या कार्डाचा भाव उतरतो. तिसरा आक्षेप मला खरोखर पटतो: दुसऱ्याच्या मशीनवर भिस्त ठेवावी का? ठेवू नये, म्हणून बाहेर पडायची वाट पहिल्या दिवसापासून मोकळी ठेव. मूळ फोटो आणि प्रोग्रॅम स्वतःच्या हार्ड डिस्कवर असू देत. ॲमेझॉनच्या क्लाउडवर स्वस्तातलं ‘स्पॉट’ मशीन घेतलंस तर ते दोन मिनिटांची सूचना देऊन काढून घेतात. दर अर्ध्या तासानं चेकपॉइंट (मॉडेल तोवर जे शिकलं ते) जपून ठेवलास तर तेवढ्यापुरतंच नुकसान होईल. बजेटचा इशारा लावलास म्हणून मशीन आपसूक बंद होईल असं समजू नकोस, ते तुलाच बंद करावं लागतं. आणि बंद केल्यावरही डिस्कचं भाडं चालूच राहतं, ती काढून टाकेपर्यंत. क्लाउडच्या खात्याची गुप्त किल्ली प्रोग्रॅममध्ये लिहून गिटहबवर टाकू नकोस. परक्याच्या हाती लागली तर तो तुझ्या नावावर मशीनं चालवील.

तीन महिने वहीत लिही: किती तास घेतले, त्यांतले किती कामी आले, किती रुपये लागले. त्या नोंदींवरून दोन लाखांच्या मशीनचे पैसे वर्षभरात वसूल होतील असं दिसलं, तर कर्जाला जामीन मी राहीन.

तुझा,
काका