मुलांची हगवण आणि जस्ताची गोळी

पावसाळा लागला म्हणजे खेड्यापाड्यांत लहान मुलांस हगवण लागते. अशा वेळीं आशाताई ओ. आर. एस. ची पुडी आणि जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या देतात. दोन-तीन दिवसांत जुलाब थांबतात, आणि उरलेल्या गोळ्या कोनाड्यांत पडून राहतात. ही चूक लहान दिसते, परंतु तिचें मोल मुलास द्यावें लागतें. तें कसें, हें आज आपण पाहूं.

आंतड्याचें काम दुहेरी आहे. अन्नांतील सत्त्व व पाणी तें रक्तांत घेतें, आणि रोगजंतूंस बाहेरच अडवितें. ह्यासाठीं त्याच्या आंतील बाजूस एकमेकींस घट्ट जोडलेल्या पेशींचें पातळ अस्तर असतें. ह्या पेशी झिजतात, व सुमारें 3 ते 5 दिवसांत त्यांच्या जागीं नव्या येतात. नव्या पेशी घडण्यास व त्यांचे सांधे घट्ट राहण्यास जस्त लागतें. शरीरांत जस्ताचा मोठा साठा नसतो, आणि हगवणींत तें मळावाटे वाहून जातें. म्हणजे गरज वाढते तेव्हांच तें कमी पडतें.

हें केवळ अनुमान नव्हे. दिल्लींतील 937 मुलांचा एक अभ्यास 1995 सालीं प्रसिद्ध झाला. जस्त दिलेल्या मुलांत हगवण चालू राहण्याचा संभव 23 टक्क्यांनीं कमी आढळला. 2004 सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं ओ. आर. एस. बरोबर 10 ते 14 दिवस जस्त देण्याचा सल्ला दिला. त्यानें पुढील 2-3 महिने हगवण पुन्हा लागण्याचा संभव घटतो, असेंहि सांगितलें. 2020 सालीं प्रसिद्ध झालेल्या भारत व टांझानिया येथील अभ्यासांत कमी मात्राहि तितकीच उपयोगी ठरली, आणि उलट्या कमी झाल्या. म्हणून मात्रा स्वतः ठरवूं नये. आरोग्यसेविका सांगेल तीच द्यावी, व सांगितलेले दिवस पुरे करावे.

पावसानें मातीची भिंत धुपली, तर पाऊस उघडल्यावर आपण ती लिंपतों. उघडला म्हणून लिंपण सोडीत नाहीं. जुलाब थांबल्यावरची गोळी हें तसेंच लिंपण आहे.

गोळी चमचाभर स्वच्छ पाण्यांत किंवा आईच्या दुधांत विरघळवून द्यावी. परंतु जस्त हें पाण्याची जागा घेत नाहीं, ओ. आर. एस., अंगावरचें दूध व नेहमींचें अन्न चालूच ठेवावें. मळांत रक्त दिसलें, डोळे खोल गेले, किंवा मूल सुस्त पडलें, तर तत्काळ दवाखाना गांठावा. मोठ्या माणसांनीं आंतड्याच्या जुन्या दाहावर आपल्याच मनानें जस्त घेऊं नये; फार दिवस अधिक घेतल्यास शरीरांतील तांबें कमी होतें.

प्रश्न: 1. हगवणींत जस्त कां कमी पडतें? 2. आपल्या घरांतील कोनाड्यांत अशा उरलेल्या गोळ्या आहेत काय?