ठिणगीची वेळ : डिस्ट्रिब्यूटरकडून दातेरी चाकाकडे

पेट्रोलच्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण पेटविण्यासाठी विजेची ठिणगी लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ठिणगी पडणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती योग्य क्षणी पडणेही महत्त्वाचे असते. मिश्रण पेटल्याबरोबर एकदम जळून जात नाही. ज्वाला सिलिंडरभर पसरण्यास सुमारे दोन सहस्रांश सेकंद लागतात. पिस्टन वर जाऊन खाली वळल्यानंतर लगेच, म्हणजे क्रँकशाफ्ट आणखी दहा-पंधरा अंश फिरल्यावर, वायूचा दाब कमाल असावा लागतो. तरच त्या दाबाचे अधिकाधिक रूपांतर उपयुक्त कार्यात होते. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या आधीच ठिणगी पाडावी लागते.

हे आधी म्हणजे किती आधी? मिनिटाला १,००० फेरे घेणारा क्रँकशाफ्ट दोन सहस्रांश सेकंदांत १२ अंश फिरतो. ३,००० फेऱ्यांच्या वेगाला तो तेवढ्याच वेळात ३६ अंश फिरतो. वेग वाढला की मिश्रणाची घुसळणही वाढते व ज्वाला अधिक वेगाने पसरते. त्यामुळे ठिणगी वेगाच्या प्रमाणातच आधी आणावी लागते असे नाही. तथापि पूर्ण वेगाला बहुतेक जुन्या इंजिनांना ३० ते ३५ अंशांची आगाऊ ठिणगी लागते. ती याहून फार आधी पडली, तर मिश्रणाचा स्फोट होऊन इंजिन खडखडते आणि पिस्टन फुटण्याचीही वेळ येते. ती उशिरा पडली, तर शक्ती वाया जाते आणि जळते वायू एक्झॉस्ट झडपेला भाजून काढतात. ठिणगीच्या वेळेचा प्रश्न हा अशा रीतीने इंजिनाच्या आयुष्याचाच प्रश्न आहे.

जुनी व्यवस्था

विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात हे काम डिस्ट्रिब्यूटर नावाचा वितरक करीत असे. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या सुमारास बॅटरी, कॉइल व पॉइंट यांवर आधारलेली पद्धत रूढ केली. तिचे तत्त्व सोपे आहे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो. ते उघडताच प्रवाह तुटतो, कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. डिस्ट्रिब्यूटरमधील फिरता रोटर तो दाब पाळीपाळीने प्रत्येक स्पार्क प्लगकडे पोचवितो. कंडेन्सर पॉइंटांमधील ठिणगी शमवितो. इंजिनाचा वेग वाढला की लहान वजने स्प्रिंगांना ताणून बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आधी आणतात. इंजिनावरील भार हलका असला की विरळ मिश्रण सावकाश जळते. अशा वेळी निर्वातावर चालणारी डबी ती आणखी आधी आणते. एका मुठीएवढ्या वस्तूत इतकी कामे सामावणारी ही रचना खरोखर बुद्धिमान होती.

उदाहरणादाखल आपण एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटार घेऊ. ती १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे बनत असे. तिचे १,७९८ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन 'बी सीरीज' या कुळातील होय. भारतीय वाचकाला हे कूळ अपरिचित नाही. उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत बनत राहिलेल्या ॲम्बॅसडरमध्ये अनेक वर्षे बसविले जाणारे १,४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन याच कुळातले. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरची टोपी कोरड्या फडक्याने पुसणारा किंवा पॉइंट कानशीने घासून गाडी पुन्हा चालू करणारा टॅक्सीचालक आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असेल.

दोष कोठे आहे?

क्रँकशाफ्टची स्थिती डिस्ट्रिब्यूटरला थेट कळत नाही. क्रँकशाफ्ट साखळीने कॅमशाफ्टला फिरवितो, कॅमशाफ्ट तिरप्या दात्यांच्या चाकाने एका आसाला फिरवितो, तो आस डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याला फिरवितो आणि दांड्यावरील उंचवटा अखेर पॉइंट उघडतो. कर्णोपकर्णी गेलेल्या निरोपात प्रत्येक टप्प्याला थोडा फरक पडावा, तसेच येथे घडते. साखळी सैल होते, दात्यांमध्ये फट पडते, दांड्याचा बुश झिजतो, पॉइंटाची टाच घासते. शिवाय डिस्ट्रिब्यूटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे त्यातील एका अंशाची चूक क्रँकशाफ्टवर दोन अंशांची होते. परिणामी ठिणगी एका फेऱ्यात थोडी आधी, तर दुसऱ्यात थोडी नंतर पडते. इंजिन संथ चालत असताना ते अडखळते, त्याचे कारण पुष्कळदा येथेच सापडते.

दुसरा दोष वेळेच्या अपुरेपणाचा आहे. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगाने चार सिलिंडरांच्या इंजिनाला सेकंदाला २०० ठिणग्या लागतात. दोन ठिणग्यांमध्ये पाच सहस्रांश सेकंद मिळतात आणि त्यांपैकी पॉइंट मिटलेले असतात ते सुमारे दोन तृतीयांश वेळ. एवढ्या अवधीत एकाच कॉइलला पुन्हा पुरेसा प्रवाह घ्यावा लागतो.

दातेरी चाकाची पद्धत

यावर उपाय म्हणजे मधले सर्व टप्पे गाळून क्रँकशाफ्टलाच त्याची स्थिती विचारणे. त्यासाठी क्रँकशाफ्टच्या पुलीवर एक पोलादी दातेरी चाक बसवितात. ३६ दात्यांची जागा आखून त्यांपैकी एक दाता मुद्दाम गाळलेला असतो. म्हणजे प्रत्यक्ष दाते ३५. चाकासमोर सुमारे एक मिलिमीटर अंतरावर संवेदक असतो. लोहचुंबकाभोवती तारेचे वेटोळे, एवढीच त्याची रचना. प्रत्येक दाता समोरून जाताना चुंबकीय क्षेत्र बदलते व वेटोळ्यात विजेचा स्पंद उमटतो. दर दहा अंशांना एक स्पंद मिळत राहतो आणि गाळलेल्या दात्याच्या जागी पडणारा खंड हा मोजणीचा आरंभ ठरतो. लोखंडाला लोखंड कोठेही घासत नाही, म्हणून झीजही नाही.

येथे एक अडचण उद्भवते. चार फटक्यांच्या इंजिनाचे एक आवर्तन क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होते. पहिल्या व चौथ्या सिलिंडरांचे पिस्टन एकाच वेळी वर येतात. त्यांपैकी एकात मिश्रण दाबले जात असते, तर दुसऱ्यातून जळलेला वायू बाहेर जात असतो. कोणता कोणत्या अवस्थेत आहे, हे क्रँकशाफ्टवरील चाक सांगू शकत नाही. यावरचा तोडगा असा की, दोघांनाही एकदम ठिणगी द्यावयाची. पहिला व चौथा, तसेच दुसरा व तिसरा अशा जोड्या करून प्रत्येक जोडीला एक कॉइल दिली जाते. वायू बाहेर टाकणाऱ्या सिलिंडरमधील ठिणगी निरुपयोगी जाते, परंतु तेथील दाब कमी असल्याने तिच्यासाठी फारच थोडी ऊर्जा खर्च होते. लाभ असा की, ६,००० फेऱ्यांच्या वेगालाही प्रत्येक कॉइलला दोन ठिणग्यांमध्ये पाचऐवजी दहा सहस्रांश सेकंद मिळतात. वजने, स्प्रिंगा व निर्वाताची डबी यांचे काम नियंत्रकातील तक्ता करतो. एका बाजूस वेग, दुसऱ्या बाजूस भार आणि प्रत्येक चौकोनात ठिणगीचा अंश, असे त्याचे स्वरूप असते.

बसविताना घ्यावयाची काळजी

पहिली गोष्ट, पिस्टनचे सर्वोच्च स्थान अचूक शोधणे. पुलीवरील जुन्या खुणेवर विसंबू नये. काही पुल्यांच्या बाहेरील कड्याखाली रबराचा थर असतो व ते कडे वर्षानुवर्षांत सरकलेले असू शकते. याच कारणास्तव दातेरी चाकही कड्यावर न बसविता आतील घट्ट भागावर बसवावे. स्थान शोधण्यासाठी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून त्या जागी पिस्टनला अडविणारा खिळा बसवावा. मग इंजिन हाताने, सावकाश, पिस्टन अडेपर्यंत फिरवून खूण करावी. पुन्हा उलट दिशेने अडेपर्यंत फिरवून दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे पिस्टनचे सर्वोच्च स्थान. हे करताना स्टार्टर चुकूनही वापरू नये.

दुसरी गोष्ट, संवेदकाचा ब्रॅकेट जाड व न हलणारा असावा. तो थरथरला, तर झिजलेल्या बुशाचा दोष नव्या रूपाने परत आला असे समजावे. संवेदकाच्या दोन तारा उलट जोडल्यास दाता ओळखण्याचा क्षण बदलतो व सगळी मोजणी चुकते.

तिसरी गोष्ट विजेच्या जोडणीची. १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. आजची नियंत्रके सामान्यतः ऋण टोक जोडलेल्या गाडीसाठी असतात. तेव्हा ही जोडणी आधी बदलून घ्यावी. अन्यथा नियंत्रक क्षणात जळेल.

चौथी गोष्ट, डिस्ट्रिब्यूटर काढण्यापूर्वी त्याच्याकडे आणखी काही काम आहे का ते पाहावे. एमजीबीचा तेलपंप त्यावर अवलंबून नाही. उघडे पडणारे भोक तेल गळणार नाही असे झाकले की पुरे. मात्र शेव्हरोलेच्या प्रसिद्ध आठ सिलिंडरांच्या इंजिनात डिस्ट्रिब्यूटरचा दांडाच तेलपंप फिरवितो. तेथे तो नुसता काढून टाकला, तर इंजिन काही मिनिटांत नष्ट होईल.

शेवटी, तक्त्यातील आकडे प्रारंभी कमीच ठेवावेत. टायमिंग लाइटने खात्री करून मगच ते थोडेथोडे वाढवावेत आणि खडखड ऐकू येताच मागे घ्यावेत.

मोबदला व मूल्य

या बदलाने मोटारीची शक्ती फार वाढते, असा समज करून घेऊ नये. नव्यासारखा दुरुस्त केलेला डिस्ट्रिब्यूटरही उत्तम काम देतो. लाभ होतो तो स्थैर्याचा : इंजिन संथ व एकसारखे चालते, थंडीत सहज सुरू होते आणि पॉइंटांची फट वारंवार तपासावी लागत नाही. याचा मोबदलाही द्यावा लागतो. पॉइंट बिघडले, तर रस्त्याच्या कडेला एक पेचकस व कानस यांवर भागत असे. नियंत्रक बिघडला, तर गाडी ओढूनच न्यावी लागते. म्हणून लांबच्या प्रवासात जादा संवेदक बरोबर बाळगणे शहाणपणाचे ठरते.

याहून महत्त्वाचा विचार वेगळाच आहे. जुनी मोटार ही केवळ वाहन नसून आपल्या काळाच्या यंत्रविद्येचा पुरावाही असते. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेमागे हीच भूमिका आहे. अशी मोटार चालती ठेवणे आणि तिचे मूळ रूप राखणे, ही दोन्ही कर्तव्ये कधीकधी एकमेकांच्या आड येतात. त्यांचा मेळ घालण्याचा मार्ग असा की, जो बदल करावयाचा तो परत फिरविता येईल असा करावा. इंजिनात नवे भोक पाडू नये, मूळ तारा कापू नयेत. संवेदकाचा ब्रॅकेट आधीपासून असलेल्या बोल्टांवरच बसवावा. काढलेला डिस्ट्रिब्यूटर तेल लावून, कागदात गुंडाळून, त्यावर गाडीचा क्रमांक व काढल्याची तारीख लिहून जपून ठेवावा. पुढे ती मोटार ज्याच्या हाती जाईल, त्याला जुनी व्यवस्था पुन्हा बसविण्याची मोकळीक राहिली पाहिजे.